चीर देण्यापूर्वी

दुसऱ्याच्या देहाविषयी निर्णय घेणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो काळजीत असतो, आणि त्या काळजीच्या भरात विचारायचे तेवढे राहून जाते.

“पिशवी काढायची, इतकंच ना?” खुर्चीत नीट टेकण्याआधीच थोरल्या जाऊबाईंनी डॉक्टरबाईंना विचारले.

शेजारी बसलेल्या धाकटीचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. गणवेशांच्या कारखान्यात ती कापड बेतत असे; बेतणाऱ्याला तिथे ‘मास्तर’ म्हणतात, म्हणून सारे तिला मास्तरीणबाई म्हणत. लग्न उशिरा झालेले, वय अडतीस. वर्षभर पाळीत इतके रक्त जाई की, टेबलाची कड धरून तिला कात्री चालवावी लागे. तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या. जाऊबाईंचे गर्भाशय दहा वर्षांपूर्वीच काढलेले. त्यामुळे या विषयात घरात त्यांचा शब्द अखेरचा.

“गाठी साध्याच दिसताहेत,” म्हणत डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढले. “आतल्या पोकळीत असत्या, तर खालूनच दुर्बीण घालून काढल्या असत्या. बाहेरच्या अंगाला लहानशा असत्या, तर पोटाला छिद्रं पाडून. पण तुमची मोठी गाठ भिंतीत खोल आहे, बाकीच्या तीन तिच्या आजूबाजूला. पोट उघडावं लागेल. मग गाठी तेवढ्या काढायच्या, नाही तर पिशवीसकट.”

मास्तरीणबाईने कागद आपल्याकडे फिरवला. “एका चिरेतून किती निघतील?”

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिले. “जमलं तर चारही.”

“आतून शिवण किती पदरी?”

“दोन, कधी तीन. इतकं कोणी विचारत नाही हो मला.”

“हिचं असंच,” जाऊबाई म्हणाल्या. “साधा टॉवेल घ्यायला गेली तरी दुकानदाराला घाम फोडते.”

डॉक्टरबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. “गाठी पुन्हा होऊ शकतात. पिशवी काढली, तर तो प्रश्न उरत नाही.”

“ऐकलंस ना? मग कशाला घोळ घालायचा?”

“मला मूल हवंय, जाऊबाई.”

नवऱ्यापाशीही तिने हे इतक्या उघडपणे कधी उच्चारले नव्हते.

“मग बोलली का नाहीस, बाई?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

जाऊबाईंनी ते चित्र आपल्याकडे ओढले. “मलाही कोणी विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सही कर म्हणाले, केली. माझ्या गाठी कुठे होत्या, किती होत्या, आजतागायत ठाऊक नाही मला.”

मग त्यांनीच डॉक्टरबाईंकडे मोहरा वळवला. “गाठी तेवढ्याच काढा. त्यासाठी काय करायचं ते सांगा.”

आधी अंगातले रक्त वाढवणे आवश्यक होते. तीन महिने लोहाची औषधे चालली. एकही गोळी चुकू नये यासाठी जाऊबाईंनी घर डोक्यावर घेतले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी संमतीपत्र आले. जाऊबाईंनी ते ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचले आणि एका ओळीपाशी थांबल्या. रक्तस्राव आवरला नाही, तर जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढले जाईल, असे तिथे लिहिले होते.

“हे मान्य आहे का तुला?” त्यांनी विचारले. “नसेल तर तसं सांग. मी आहे.”

मास्तरीणबाईने डोळे मिटले. “अगदीच इलाज नसेल तरच,” ती म्हणाली, आणि तिने सही केली. खाली साक्षीदार म्हणून जाऊबाईंनी केली.

दुपारी शुद्ध आली तेव्हा तिचा घसा कोरडा पडला होता. प्रश्न ओठांपर्यंत येईना. जाऊबाई तिच्या कानाशी वाकल्या.

“पाच निघाल्या. एक लपून बसली होती. पिशवी जागेवर आहे. दोनदा विचारून घेतलंय मी.”

मग ओला कापूस त्या तिच्या ओठांवरून हळूहळू फिरवीत राहिल्या.

जिचे मागणे राखले गेले तिचे कल्याण असो. आणि जिला कधी कोणी विचारले नाही, तरीही जिने विचारले, तिचेही.