दोन पावलांची जागा

माझं पोरगं विकलं गेलं त्या दिवशी मैदानाचा डावा कोपरा त्याच्याबरोबर गेला. आदल्या दिवशी त्या कोपऱ्याभोवती फक्कीची रेघ मीच मारली होती.

वाघजाई तालमीच्या फुटबॉल मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायचं काम मी एकतीस वर्षं करतोय. अध्यक्ष दौलतबापू इंगवले संध्याकाळी मैदानावर आले आणि म्हणाले, "रंगा, तुझा इंद्रजित जिथं खेळतो तिथं भोवतीनं एक रेघ मार. नोंदणीला लागणार आहे." मी मारली. पोराची जागा म्हणून जरा ऐसपैसच मारली. सकाळी पिशवी घेऊन गेलो तर पाय नेहमीची पावलं टाकत गेले आणि मी नाल्याच्या कठड्यावर जाऊन आदळलो. कॉर्नरचा झेंडा नव्हता. इंद्रजितनं लहानपणापासून पळून पळून गवत घालवलेली ती जमीन नव्हती. तिथं खड्डाही नव्हता. उरलेलं मैदान नीट येऊन एकमेकाला चिकटलं होतं. दोरी लावून मोजलं तर एका बाजूला तेवीस फूट कमी भरलं.

घरी आलो तर स्वयंपाकघर आखडलेलं. इंद्रजित भिंतीला पाठ लावून जेवायला बसायचा, तेवढी भिंत पुढं आली होती. त्याच्या पाठीचा तेलकट डाग मात्र भिंतीवर नव्हता. मालन, माझी बायको, भाकरी थापत होती आणि प्रत्येक थापेला तिचं कोपर माझ्या गुडघ्याला लागत होतं.

"अवो, सरका की जरा," ती म्हणाली.

"कुठं सरकू?"

तिनं मागं वळून भिंतीकडं बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

इंद्रजितला नदीपलीकडच्या बुरूज तालमीनं घेतलं होतं. मी बघायला गेलो. त्यांच्या मैदानाला एका बाजूनं आमचा कोपरा जोडलेला होता. माती आमची, तांबूस. इंद्रजित तिथंच उभा होता, अंगात बुरूजची हिरवी जर्सी. मला बघून तो रेघेपर्यंत आला आणि थांबला. रेघ अजून माझीच होती.

"आबा, हितं बरं हाय," तो म्हणाला.

"घरी कधी येतोस?"

"कसा येऊ? माझी जागा हितं हाय." त्यानं पाय उचलून दाखवला. पाय रेघेवर आला की आपोआप आतच खाली यायचा. "आईला सांगा, जेवतोय म्हणून."

परत येताना पुलावर मी ठरवलं की बापूंचा सूड घ्यायचा. मी रागीट माणूस आहे, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आजवरचा माझा राग रेफ्रीवर निघायचा आणि चहाबरोबर उतरायचा. हा उतरला नाही.

तालमीबाहेरच्या कट्ट्यावर आमची रोजची बैठक असते. एसटीतून निवृत्त झालेला सर्जेराव कंडक्टर आणि केळीवाला मुनीर बागवान, हे दोघं त्यातले पक्के. त्या संध्याकाळी सर्जेराव नुसता पेटला होता.

"गेल्या सालात दोन कप मारले आपण. बक्षिसाचं काय झालं? खुर्ची झाली! सागवानी, सिंहाच्या तोंडाची! बापूंच्या बुडाला ऊब पाहिजे म्हणून आपली पोरं विकायची व्हय?"

"त्यो परदेशी गडी आणला हुता, त्याचं काय?" मुनीर म्हणाला. "चार मॅची खेळला न् पाय धरून बसला. त्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर?"

तेवढ्यात बापू गाडीतून उतरले. अकरा वर्षं अध्यक्ष. पांढरे बूट, आणि चिखलातही त्यांच्यावर कधी डाग नाही.

"भावनेवर क्लब चालत नसतो," बापू म्हणाले. "इंद्रजितची किंमत आली, दिला. उद्या गुडघा गेला असता तर कोण घेणार होतं त्याला?"

"बापू, मैदान गेलं," मी म्हणालो.

"मैदान कुठं गेलंय? हे काय समोर आहे." आणि ते आत जाऊन खुर्चीत बसले.

सर्जेरावानं त्यांची नक्कल केली. "भावनेवर क्लब चालत नसतो!" नाकातनं, अगदी तसंच. आम्ही पोट धरून हसलो. मी हसलो, पण माझं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या बुटांवर होतं.

पुढच्या खेळाडूंच्या वेळी मी रेघा मारायला नकार दिला. बापूंनी दुसऱ्याकडून मारून घेतल्या. त्या वेड्यावाकड्या होत्या, त्यामुळं मैदानही वेडंवाकडं उरलं. गोलकीपर गेला तेव्हा गोलपुढची सगळी जमीन गेली. मधल्या फळीतले दोघे भाऊ गेले तेव्हा मधलं वर्तुळ गेलं. हंगाम संपत आला तसे दोन्ही गोल इतके जवळ आले की दोन्हीकडचे कीपर एकमेकाकडून तंबाखू मागून घ्यायचे. समोरासमोरच्या पायऱ्यांवरची माणसं बसल्या जागेवरून एकमेकांची कॉलर धरायला लागली. सामना सुरू झाला की लगेच गोल व्हायचा आणि सामना संपायचा. आम्ही सगळे सामने हरलो. पलीकडं बुरूजचं मैदान नदीला लागलं होतं.

घरात मालन आणि मी आळीपाळीनं जेवत होतो. ती भिंतीला हात लावून बघायची, अजून पुढं आली का म्हणून. एकदा ती म्हणाली, "त्याची जागा परत येणार नाही का वो?" मी म्हणालो, "आणतो." आणि मला खरंच आणायची होती. पण आधी मला बापूंना गेलेलं बघायचं होतं. मालनला मी हे दुसरं सांगितलं नाही.

वार्षिक सभा रविवारी सकाळी दहाला भरली. मारुतीला हार घातला, बापू खुर्चीत बसले, अहवाल वाचला. ऐनवेळचे विषय आले तसा मी उठलो.

"अध्यक्षांना विकायचं," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही.

"कायद्यात बसतंय का पण?" मुनीरनं विचारलं.

सर्जेरावानं घटनेचं पुस्तक काढलं आणि तिकिटं तपासल्यासारखी पानं उलटली. "'मंडळाचा कोणताही सभासद हस्तांतरित करता येईल.' अध्यक्ष सभासद हाय. बसतंय."

ती ओळ बापूंनीच मागच्या वर्षी घातली होती. बापूंनी सगळ्यांकडं बघितलं. एकेक हात वर जात होता. मी मोजले नाहीत, कारण वर न गेलेला एकच हात होता आणि तो खुर्चीच्या सिंहावर ठेवलेला होता.

बुरूजचे चिटणीस वसंतराव दारातच उभे होते. खिशात टेप घेऊन ते नेहमी आमच्या दारात उभे असायचे.

"कुठं खेळतात हे?" त्यांनी विचारलं.

"खुर्चीत."

"पळतात?"

"मतं मागायला पळतात."

वसंतरावांनी विचार केला. "एक जुनं जाळं देऊ. गोलचं."

"चालंल," सगळी सभा म्हणाली.

"मग जागा आखून द्या."

मी फक्कीची पिशवी घरूनच भरून आणली होती. बापू खुर्चीत घट्ट बसले. मी म्हणालो, "बापू, उठा. बसल्या माणसाची जागा आखता येत नाही." ते उठले. मी खुर्ची मागं ओढली आणि त्यांच्या पांढऱ्या बुटांभोवती रेघ मारली. एवढी सुबक रेघ मी आयुष्यात मारली नव्हती. टाचेला टाच, चवड्याला चवडा. बुटांच्या कडेला बोट जाईल एवढीसुद्धा जागा मी सोडली नाही.

"रंगा, जरा मोठं काढ," बापू हळू आवाजात म्हणाले. "बसता तरी येऊ दे."

"फक्की संपली, बापू."

पिशवी अर्धी भरलेली होती. त्यांनी ती बघितली आणि मी त्यांना बघू दिली. मग बापू गेले आणि जमिनीवरची फरशी येऊन जुळली. इतका आनंद मला कुठल्या कपाच्या वेळी झाला नव्हता. मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण खुर्ची राहिली होती. मी ती रेघेबाहेर ठेवली होती, बापूंना टेकायला मिळू नये म्हणून. रिकामी खुर्ची किती दिवस ठेवणार? सर्जेराव बसला. पहिले दोन दिवस तो कडेवर बसायचा. तिसऱ्या दिवशी टेकून बसला आणि त्याचे हात सिंहांवर गेले.

"खेळाडू परत आणायचे," तीन महिने होत आले तसं मी म्हणालो. "पहिला इंद्रजित."

"आणायचे की. पण द्यायला काय हाय आपल्याकडं?" तो बोलत असताना आवाज नाकातनं यायला लागला. "बुरूजवाल्यांचं मैदान लई वाढलंय, रंगा. त्यांच्याकडं रेघा मारणारा न्हाई. ते तुला मागतायत. बदल्यात इंद्रजित देतायत, कोपऱ्यासकट."

आत जमलेली कट्ट्यावरची मंडळी खाली बघायला लागली.

"सर्जा, एकतीस वर्षं काढली रं मी हितं."

"भावनेवर क्लब चालत नसतो," सर्जेराव म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही, आणि तो नक्कल करत नव्हता.

हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात माझाच होता. दुसरं काय करणार? पोरगं घरी येणार होतं.

वसंतराव टेप काढून उभे राहिले. मुनीर माझ्या कानाशी आला. "तुझी तूच मारायचीस, रंगादा. मोठी मार. झोपता येईल एवढी मार."

मारली असती. हातात पिशवी होती, कुणी अडवत नव्हतं. पण मी नेईन तेवढी जागा आमच्याच मैदानातून जाणार होती, आणि घरातूनही. इंद्रजितला पळायला लागणार होतं, मालनला भाकरी थापायला लागणार होतं. मी पाय जुळवले, वाकलो आणि स्वतःच्या चपलांभोवती रेघ मारली. टाचेला टाच, चवड्याला चवडा. मग पिशवीतली शेवटची मूठ भरून घेतली आणि पिशवी मुनीरला दिली.

बुरूजवाले खेळाडू मैदानात लावतात आणि बाकीची माणसं गोलमागं. मला बापूंच्या शेजारी लावलं. मी विकला गेलो तेव्हा माझं तोंड तालमीकडं होतं, इथंही ते तसंच राहिलं आणि नेमके समोर बापू आले. माझी रेघ त्यांच्या रेघेला चिकटली. बापू तीन महिने उभे होते. दाढी वाढली होती, पाय सुजून बूट फुटायला आले होते. ते मला बघत होते आणि त्यांच्या श्वासाचा वास माझ्या तोंडावर येत होता. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

वसंतरावांनी माझ्या पायांकडं बघितलं. "हा रेघा मारायला फिरणार कसा?"

"कागदावर जागा एवढीच आहे," त्यांचा कारकून म्हणाला.

"मग राहू दे."

आठवड्यानं मुनीर केळी घेऊन आला. केळं त्यानं लांबून माझ्या डाव्या हातात दिलं. "इंद्या आला घरी. भिंत मागं सरली. डागसुदिक परत आलाय."

"माझी जागा?"

"उंबऱ्यापाशी दोन पावलं गेली बघ. मालनवहिनी तरीबी तिथनं वलांडून जातात." त्यानं केळाची साल माझ्या हातातून घेतली. "इंद्या रोज कोपऱ्यात पळतोय. नीट रेघ मारायला कोण न्हाई म्हणून कुठं थांबायचं कळंना त्याला. नाल्यापातुर जातंय पोरगं."

तो गेला. दुपार झाली, पाय भरून आले. बापूंचे तर लटपटत होते. ते माझ्या उजव्या हाताकडं बघत होते.

"रंगा," ते म्हणाले, "मुठीत काय आहे?"

मी मूठ आवळली.

"माझ्याभोवती नको मारू. तुझ्याभोवती मार. तुझी रेघ मोठी झाली की ती माझ्यात येते. दोघांना बसता येईल."

खरं होतं. एकतीस वर्षं रेघा मारणाऱ्याला ते आधीच दिसलं होतं. एक मूठ फक्की, गुडघे टेकतील एवढं वळण, आणि आम्ही दोघं समोरासमोर मांडी घालून बसलो असतो. नदीपलीकडं कुणीतरी चेंडू मारल्याचा आवाज आला, डाव्या पायाचा, इंद्रजितचा.

"संपली, बापू," मी म्हणालो, आणि मूठ आणखी आवळली. बोटांच्या फटींतून फक्की गळायला लागली. बापूंनी मान खाली घातली आणि आपल्या फुटलेल्या बुटांवर पडणारं पांढरं बघत राहिले.