मी मंद झालो नव्हतो

मी एक जुना वाचनाचा दिवा आहे, मित्रांनो. पुंडलिकनगरातल्या एका घरात खुर्चीशेजारच्या टेबलावर असतो. रोज लागतो, पण माझ्या उजेडात आता कोणी वाचत नाही.

मला सुदर्शननं घडवलं. वाळूजच्या कारखान्यात तो फिटर होता. टाकाऊ पत्रा वाकवून त्यानं माझी टोपी केली, आतून पांढरा रंग दिला आणि पिवळा बल्ब लावला. त्याला कादंबऱ्यांचं भारी वेड, पण शिफ्टमुळं सवड नसे. पुस्तकं आणून तो कपाटात रचायचा आणि बायकोला, आशाबाईला म्हणायचा, "रिटायर झालो की एकेकाचा फडशा पाडतो बघ."

तो दिवस उजाडला. दिवेलागणीला माझं बटण दाबून तो हात जोडायचा नि वाचायला बसायचा. माझा उजेड त्याच्या डाव्या खांद्यावरून पानावर पडायचा. खोलीतली ट्यूबही चालू असायची, कारण भोवती काळोख असला की डोळे शिणतात. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एकदा तो म्हणाला, "आशा, दिवा लई मंद झालाय."

मंद? मी होतो तसाच होतो. पण यंत्राचा दोष हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं माझी वायर बदलली, होल्डर बदलला, शेवटी पांढराफेक एलईडी बसवला. गुळगुळीत पानांवरून त्याची चकाकी थेट डोळ्यांत जायची, पाणी यायचं. तरी तो आणखी मोठा बल्ब आणायचा.

"डोळे दाखवा की एकदा," आशाबाई म्हणायची.

"डोळ्यांला काय धाड भरलीय? बल्बच बेकार निघाला."

माझ्या शेजारचा तांब्या त्याच्या हातून सारखा लवंडू लागला, तेव्हा तिनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, लवकर आला असता तर वाचली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोष माझ्यात नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण दिव्याला तोंड नसतं, याचं मला फार दुःख आहे.

मित्रांनो, पानावर चकाकी नको, भोवती काळोख नको, एवढं तर सांभाळाच. पण घरातलं कोणी दिवा मंद झाला म्हणालं, तर दिव्याआधी त्याचे डोळे तपासून आणा.

कपाटातली निम्मी पुस्तकं अजून कोरी आहेत. काल तिन्हीसांजेला त्यानं चाचपडत माझं बटण दाबलं, हात जोडले. माझा सगळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता.

"आशा, लागला का गं दिवा?" त्यानं विचारलं.

"व्हय, लागला," ती म्हणाली.