मी रिकामा झालो ती दुपार

मित्रांनो, मी सुताचा एक जुना झोपाळा आहे. फळीचा नव्हे; विणलेला, दोन खांबांना टांगलेला. पनामाच्या किनाऱ्याजवळ गुना लोकांचं एक इवलंसं बेट आहे, तिथल्या सभाघराच्या मधोमध माझी जागा. राजांना सिंहासन असतं, आमच्या गावप्रमुखाला, म्हणजे सायलाला, मी आहे. तो माझ्यात आडवा होऊन गाण्यातून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि गाव बाकांवर बसून ऐकतं.

तीन बहिणींनी मला विणलं. वीण इतकी घट्ट, की एका वादळात बेट सुटून कोलंबियाकडे निघालं होतं, ते मीच दोन खांब धरून मागे ओढलं! खोटं वाटत असेल तर माशांना विचारा. आजवर एकही नाही म्हणालेला नाही.

चाळीस वर्षं सायला आतिलिओ माझ्यात पहुडला. माणूस मोठा गुणी. त्याच्या एका शब्दावर भावाभावांची भांडणं मिटत. पण त्याची गाणी लांबलचक आणि ऐकणारे पेंगणारे! म्हणून काठीवाले राखणदार मधूनमधून ओरडत, “झोपू नका!” ही आमची जुनी रीत.

समुद्र मात्र दरवर्षी थोडा वर येत होता. पलीकडच्या किनाऱ्यावर उंच जागा मोकळी होती. तिकडे गाव न्यायचं की नाही, हे सायलाने ठरवायचं. आतिलिओ म्हणे, “पुढच्या वर्षी बघू.” अशी सहा पुढची वर्षं मागे पडली.

मग एका जानेवारीत, भर दुपारी, भरल्या सभेत भरतीचं पाणी शिरलं. लोकांनी पाय बाकांवर घेतले. आणि आतिलिओ? गाता गाता झोपला!

“ए, ओरड ना,” एक राखणदार दुसऱ्याच्या कानाशी लागला.

“तूच ओरड. मला याच गावात राहायचंय.”

“राहशील कुठं? गाव पाण्यात चाललंय!”

तेवढ्यात ब्रिसेइदा उठली. नदीवरून होडीने गोडं पाणी आणणारी ही बाई बारा वर्षं पहिल्या बाकावर बसून आतिलिओची गाणी शिकत होती. ती ओरडली, “सायला आजोबा, झोपू नका!”

माझा धागा न् धागा थरारला.

आतिलिओने एक डोळा उघडला. “कोण गं ती?”

“मी, ब्रिसेइदा. पाणी झोपाळ्याला टेकलंय.”

त्याने हात खाली सोडला. ओला झाला. तो हात त्याने डोळ्यांसमोर धरला.

“चाळीस वर्षं तुम्हांला जागं ठेवलं, आणि मीच झोपलो होय!” म्हणत तो इतका हसला, की मी उसवतो की काय असं झालं. मग तो घोटाभर पाण्यात उतरला. “ये पोरी. गाव हो म्हणत असेल, तर ही जागा तुझी.”

गाव हो म्हणालं. माझ्या दोन्ही खांबांनीही माना डोलावल्या, देवाशपथ!

“पहिलं गाणं कुठलं म्हणशील?” त्याने विचारलं.

“सामान बांधायचं.”

आता मी उंचावरच्या सभाघरात टांगलेला आहे. ब्रिसेइदा गाते, आणि पहिल्या बाकावर राखणदाराची काठी घेऊन आतिलिओ बसतो. तिने डोळे मिटले रे मिटले, की तो गरजतो, “झोपू नका, सायलाबाई!”

“आजोबा, पुढची ओळ आठवतेय!”

“डोळे उघडे ठेवून आठव!”

मित्रांनो, माझी एक कड उसवली आहे, जमल्यास टाका घाला. पण त्याआधी, माझ्यात जो कुणी पहुडेल त्याला वेळेवर हाक मारा. आतिलिओसारख्या माणसालाही झोप लागली, यात त्याचा दोष थोडा. मी फार मऊ आहे.