बाकीची बाई

फ्लेक्सच्या धंद्यात मोकळ्या जागेचं कौतुक कोणी करत नाही. वाढदिवस असो, निवडणूक असो नाहीतर श्रद्धांजलीचा बोर्ड, बोटभर पांढरं दिसलं की तिथे कुणाच्या तरी भाच्याचं डोकं चिकटवायचं, हा मालवणचा रिवाज. म्हणून कौस्तुभ स्क्रीनकडे बघून म्हणाला, “पांढरी जागा काय सुरेख सोडलंस गो,” तेव्हाच संचिताच्या मनात पाल चुकचुकली.

संचिता निलेशच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. कौस्तुभ मालवणात ‘स्त्री आणि सिनेमा’ नावाचा महोत्सव भरवत होता. सिनेमात बाईला कसं दाखवतात यावर त्याला पोस्टर हवी होती. तिने पाच केली. सिनेमातला एकेक प्रसंग घेतला आणि कॅमेऱ्याने बाईचं जेवढं दाखवलं तेवढंच काढलं. एकात नुसती कंबर. एकात चुलीपुढची पाठ. एकात चहाचा ट्रे धरलेली बोटं. बाकी सगळं कोरं, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: बाकीची बाई कुठे आहे? निलेश म्हणाला होता, एवढं कोरं ठेवलंस तर गिऱ्हाईक म्हणेल आम्ही शाई चोरली.

पाचव्या पोस्टरवर आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या पात्यावर सुरमई कापणारे दोन हात होते. ते तिच्या आईचे.

त्यांच्या गावात, तोंडवलीत, त्या सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा गावातली माणसं जमवायचं काम कौस्तुभकडेच होतं. संचिताची आई नर्मदा मासे विकणारी. तिला त्यांनी हिरोसमोर बसवलं आणि एक वाक्य बोलायला दिलं. कागदावरचं तिला पटेना, म्हणून ती आपलं बोलली. डायरेक्टरने टाळ्या वाजवल्या. गावच्या बाकीच्या बायका गर्दी म्हणून लांब वाळूत उभ्या होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही. ऐकलं ते कौस्तुभने. नर्मदाने वाडीभर सांगितलं. मग सिनेमा आला, अर्धी वाडी टेम्पो करून कणकवलीला गेली, आणि पडद्यावर दिसले नुसते तिचे हात. वर हिरोचं गाणं.

तेव्हापासून बाजारात हाक यायची, “हिरोईन, आज बांगडे कशे दिलंस?” म्हातारीने थाप मारली, हे गावात ठरून गेलं. कौस्तुभला विचारलं की तो म्हणायचा, “माका आठवना नाय.” मुंबईच्या लोकांची पुढची कामं त्याला हवी होती, आठवेल कसं? नर्मदाने मग तो विषयच काढणं सोडलं.

त्या पोस्टरसमोर वाडीतल्या बायका उभ्या राहाव्यात आणि कौस्तुभला उत्तर द्यावं लागावं, एवढंच संचिताला हवं होतं. आणि नेमकं तेच पोस्टर त्याला सगळ्यात जास्त आवडलं होतं. का? हा काही आपल्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्यातला नव्हे. हात कुणाचे हे त्याला कळलं नसेल? की कळलंय, आणि फाईल हातात आली की तो ते पोस्टरच गायब करणार? तिने मूळ फाईल त्याला दिली नाही. छपाई होईस्तोवर ती मशिनजवळून हलली नाही. फ्रेमवर फ्लेक्स ताणून स्वतः हॉलच्या व्हरांड्यात उभे केले. एकही गायब झालं नाही. तरी संशय जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी उद्घाटनाच्या आधीच ती आईला आणि वाडीतल्या बायकांना घेऊन हॉलवर गेली.

पाचही पोस्टर जागेवर होती. कोरी जागा मात्र नव्हती. कुठून तरी स्टिकर छापून आणून रातोरात चिकटवले होते. शुभेच्छुक, मार्गदर्शक, प्रायोजक, रांगेने गोल गोल डोकी. सगळे पुरुष. सुरमई कापणाऱ्या हातांच्या बरोब्बर वर, सगळ्यात मोठं, हात जोडून हसणारा कौस्तुभ.

कौस्तुभ तिथेच होता. तिचा चेहरा बघून त्याने ऑफिसातली मराठी काढली. “प्रायोजकांना जागा द्यावी लागते, संचिता. तू ती ठेवलीच होतीस.” आणि पाहुण्यांची गाडी आली म्हणून तो फाटकाकडे धावला.

नर्मदा पोस्टरजवळ गेली. आपले हात तिने लगेच ओळखले.

“ह्या माझ्या हातांर कोणाचा तोंड गो?”

मागे कोणीतरी हसली. संचिताची कानशिलं तापली. बायकांच्या नावाने महोत्सव भरवायचा आणि बाईच्या धडावर स्वतःचं मुंडकं लावायचं! आणि थोड्या वेळाने हा बायकांच्या सन्मानावर भाषण करणार. तिने पिशवीतून दुकानातला कटर काढला आणि कौस्तुभचं डोकं कडेकडेने गोल कापून काढलं. फ्लेक्सला भोक पडलं. हातांच्या वर, जिथे चेहरा असायला हवा तिथेच.

“आये, मागसून जा.”

नर्मदा फ्रेममागे गेली. भोकात तिचा चेहरा आला, कुंकू, नाकातली मोरणी, सगळं. खालचे हात आणि वरचा चेहरा एका बाईचे झाले. हसणारी पुढे सरकून बघू लागली.

तेवढ्यात पाहुण्या बाईंना घेऊन कौस्तुभ आला. नर्मदाने त्याच्याकडे बघितलं आणि शूटिंगात बोलली होती ते वाक्य बोलली.

“बोट तुझी आसात. दर्यो तुझ्या बापाशीचो नाय.”

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. कौस्तुभने त्यांच्याहून जोरात वाजवल्या आणि त्यांना सांगून टाकलं, ही आमचीच कल्पना. संचिताला त्याचं नवल वाटलं नाही. तिने कापलेलं डोकं त्याच्या हातात दिलं.

“टाळये वाजव नको, कौस्तुभा,” नर्मदा भोकातून म्हणाली. “शूटिंगात ह्या मी बोललंय काय नाय, ता सांग.”

तोंडवलीच्या बायका त्याच्याकडे वळल्या. कौस्तुभने पाहुण्यांकडे बघितलं, हातातल्या स्वतःच्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं.

“बोलली होती,” तो पुटपुटला.

“मोठ्यान,” नर्मदा म्हणाली.