अंगठा न उचलणारा लिफ्टमन

धाकटीचं कामच मुळी फोनवरची बटणं आखायचं. कुठलं कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं. पण घरात दिव्याखाली अंधार. बाबांसाठी तिने सगळं पुसून फक्त तीन फोटो ठेवले होते: थोरला, ती आणि डॉक्टर. दाबला फोटो की लागला फोन, इतकं सोपं. तरी रोज संध्याकाळी एखादा फोटो गायब. काल डॉक्टर गेले, आज ती स्वतः गेली.

बाबांचं विसरणं वाढलं होतं. थोरल्याने स्पष्टच सांगितलं, "अडीनडीला त्यांना फोन करता येत नसेल, तर एकटं ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थेत जागा मिळतेय. रविवारी नेऊ." त्याचं चुकत होतं असंही नाही, हीच तर पंचाईत होती.

शनिवारी धाकटीने फोटो परत लावले आणि शिकवणं सोडून नुसती बघत बसली. बाबांनी तिच्या फोटोवर अंगठा ठेवला आणि ठेवलाच. फोटो थरथरला, सरकला, नाहीसा झाला.

"बाबा, टेकवायचा आणि उचलायचा."

"शहाणीच आहेस. मजला यायच्या आत सोडू? माणसं मध्येच लटकतील ना."

बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. जुनी लिफ्ट, बटण दाबून धरलं तरच चालायची. आणि या दीडशहाण्या फोनच्या मते दाबून धरणं म्हणजे फोटो काढून टाक. धाकटीला स्वतःचीच लाज वाटली. चार महिने ती बाबांना सुधारत बसली होती. त्या रात्री तिने फोन सुधारला: दाबून धरलं की फोन लागेल, आणि काही केल्या फोटो पुसला जाणार नाही.

रविवारी सकाळी दोघं भावंडं पोचली तर दार सताड उघडं आणि बाबा घरात नाहीत. फोनही नाही. थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

"कोण बोलतंय?" बाबांचा आवाज.

"मी, धाकटी."

"हां, मग बरोबर लागला. अगं, मी कुठे आलोय तेच कळेना."

"समोर काय दिसतंय?"

"औषधाचं दुकान. बंद आहे."

"म्हणजे कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. तिथेच थांबा, बाबा."

"थांबतो. अंगठा सोडू का आता?"

"सोडा," ती म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. थोरला केव्हाच जिना उतरून पळाला होता.

दहा मिनिटांनी तो बाबांचा हात धरून आला. बाबा अगदी मजेत होते. थोरल्याने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मग संस्थेला फोन लावला.

"आज येत नाही आम्ही," तो म्हणाला. "जागा दुसऱ्या कुणाला द्या."