देव्हाऱ्यात राहिलेलं मलम

मी एक जुनी, अर्धवट पिळलेली मलमाची ट्यूब आहे. मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तुम्ही तर मुळीच, नाक मुरडू नका. माझं काम नाजूक जागेचं आहे, पण लाजेचं नाही. योनीमार्गात बुरशी वाढली की खाज सुटते, आग होते, घट्ट पांढरं जातं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहिली, तरच मला वापरायचं असतं.

एकोणीसशे एक्क्याण्णव साली पंचफुलाने मला आदिलाबादेत घेतलं. तामसी गावात तिच्या सासरी भाजीचा मळा होता. खाजेने ती रडकुंडीला आली होती. डॉक्टरीणबाईंनी औषध आत सोडायची नळी दाखवली आणि बजावलं, "हात धुऊन रोज झोपताना, सात दिवस. आराम पडला तरी, मधात पाळी आली तरी, सोडायचं नाही."

घरी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिने मला देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे लपवलं. तिथे कोण हुडकणार? तीन दिवस मी इमानाने काम केलं. चौथ्या दिवशी तिला पाळी आली आणि ती ओसरीवर बाहेर बसली. त्या दिवसांत देव्हाऱ्याला हात लावायचा नसतो!

सासू जयवंताबाई रोज पूजा करायच्या, माझ्यापासून वीतभर अंतरावर. पंचफुलाने त्यांना एक शब्द सांगितला असता तर भागलं असतं. पण ती बाहेर एकटी, मी आत एकटी. मला फार वाईट वाटायचं.

पाळीच्या पाचव्या दिवशी ती न्हाली. खाज कमी वाटली, म्हणून तिने मला हातच लावला नाही. महिन्याभरात दुखणं दुपटीने परतलं. वांग्याच्या वाफ्यात तिला बसवेना.

"काऊन वं, अशी काऊन चालून राह्यली?" जयवंताबाईंनी विचारलं.

पंचफुला रडली आणि तिने सगळं सांगून टाकलं. जयवंताबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"मले सांगतलं असतं तं म्या आणून देली नसती का? म्या बी लय वर्सं सोसलं, कोणाले बोलली नाही."

दोघी मिळून आदिलाबादेला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि नवी ट्यूब लिहून दिली. उरलेलं जुनं मलम आपल्या मनाने लावू नका, दुसरीलाही देऊ नका, असंही सांगितलं. नवी ट्यूब ओसरीच्या खुंटीवर, कापडी पिशवीत राहिली. तेव्हाही मधेच पाळी आली, पण रोज जयवंताबाईंचा आवाज यायचा, "घेतली का वं दवा?" सात दिवस पुरे झाले आणि पंचफुला बरी झाली. मी आतून ऐकत होते. माझी आठवण कुणालाच राहिली नव्हती.

मैत्रिणींनो, औषध हात पोहोचेल तिथे ठेवा आणि सांगितलं तितके दिवस पुरं करा. पोटुशी असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. माझ्या पोटातलं चार दिवसांचं मलम केव्हाच सुकलं. बाहेर बसलेल्या पंचफुलाने तेव्हा आत एक हाक मारायला हवी होती, असं मला अजून वाटतं.