एकाच घराचे दोन नकाशे

जुन्या घराची दुरुस्ती करायची तर आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागे, आणि शहरातली दगडी घरं काय किंवा जंगलाकडची ओंडक्यांची घरं काय, सगळे नकाशे शेवटी एकाच बाईच्या टेबलावर येत. कार्यालयात तिच्या मागे सगळे तिला ‘लाल पेन’ म्हणत. तिला ते माहीत होतं. एका वाढदिवसाला कुणीतरी लाल पेनांचा अख्खा डबाच भेट दिला, तेव्हा ती मनापासून हसली आणि पुढे तो डबा तिने वापरून संपवलाही.

लोकांना वाटायचं, हिला नकार द्यायला आवडतं. तसं नव्हतं. तिला घरं आवडायची. पण नकाशे घेऊन येणारी माणसं घर दुरुस्त करायचं म्हणून यायची आणि घराला वळण लावायला निघायची, जसं काही ते वाया गेलेलं कार्टं आहे. कोणाला दोनशे वर्षांच्या भिंतीत वाहनासाठी शटर हवं असायचं, कोणाला छप्पर उचलून वर व्यायामशाळा. मग ती शेरा लिहायची. नकार लिहिण्याआधी मात्र जागेवर जाऊन यायची, हा तिचा हट्ट. नवरा म्हणायचा, “तू घर बघायला जातेस आणि माणसं बघून येतेस.” त्यावर तिचं म्हणणं असं, की माणसं बघितल्याशिवाय घर कळतच नाही, त्याला ती काय करणार?

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर तिच्याकडे एक गंमतच आली. एकाच घराच्या दोन फायली. तळ्याकाठचं, जंगलातलं, फार जुनं ओंडक्यांचं घर. मालकी दोघींची, अर्धी अर्धी. एक नणंद, एक भावजय. आणि दोघींनी एकमेकींना न विचारता दोन वेगळे नकाशे पाठवले होते.

नणंदबाईंना तळ्याकडची भिंत कापून तिथे भलीमोठी काच बसवायची होती. भावजयीला भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पुढच्या दारच्या दगडी पायऱ्या काढून तिथे सिमेंटचा लांब उतार हवा होता, कठडा हवा होता, झोपायची खोली पोटमाळ्यावरून खाली हवी होती. अर्जात कारण लिहिलं होतं : ‘माझ्या गुडघ्यांच्या त्रासामुळे.’

साहेबांनी दोन्ही फायली उलट्यासुलट्या केल्या. “ओंडक्यांची भिंत कापायची नाही, हा नियम. मूळ पायऱ्या काढायच्या नाहीत, हाही नियम. दोन्ही नामंजूर करा आणि मोकळ्या व्हा.”

“एकदा बघून येते,” ती म्हणाली.

“मला वाटलंच,” साहेब म्हणाले.

बस जिथे सोडायची तिथून पुढे जंगलातली पायवाट होती. घर चढावावर बसलेलं होतं, तळ्याकडे तोंड करून. जाडजूड ओंडके एकावर एक रचलेले, कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, फटींमध्ये शेवाळ ठासून भरलेलं. इतक्या वर्षांच्या उन्हावाऱ्याने लाकूड राखेच्या रंगाचं झालं होतं. तिने वाटेतच थांबून डोळे भरून बघून घेतलं. पुढे उतार असल्यामुळे त्या बाजूने घर उंच जोत्यावर होतं, आणि दाराशी जायला उभ्या चढणीच्या दगडी पायऱ्या होत्या.

त्या पायऱ्यांवरून एक साठीची बाई कडेवर लाकडांची रिकामी टोपली घेऊन भराभर खाली आली.

“तुम्हीच का कार्यालयातल्या मॅडम? या, या. जपून हं, पायऱ्या निसरड्या आहेत,” असं म्हणत तिने टोपली खाली ठेवली, पुन्हा वर धावली, दार उघडलं, आणि आत काहीतरी विसरलं म्हणून परत खाली आली. ही भावजय. हिच्याच गुडघ्यांचा त्रास फायलीत नोंदलेला होता.

लाल पेनने त्या गुडघ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं.

आत लोखंडी शेगडीशेजारी खुर्चीत नणंदबाई बसल्या होत्या. चांगल्या उंच, सरळ पाठीच्या, केस घट्ट बांधलेले. त्या उठल्या नाहीत. “ये मुली. मला उठवत नाही असं समजू नकोस हं. मी मुद्दाम बसले आहे.”

“बसा बसा,” लाल पेन म्हणाली.

चहा आला. बोलण्यातून हळूहळू उलगडत गेलं. घर नणंदबाईंच्या आजोबांनी बांधलेलं. नणंदबाईंनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाचं झालं, आणि भावजय या घरात आली तेव्हापासून तिघं इथेच राहिली. भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला. त्यानंतर दोघींचं बोलणं काही बंद पडलं नव्हतं. उलट दिवसभर तोंडाचा पट्टा चालूच असायचा. फक्त घराचा विषय निघत नव्हता. घराचं सगळं तोच बघायचा. तो विषय काढला की तो नाही हे पुन्हा नव्याने कळायचं. म्हणून दोघींनी परस्पर एकेक माणूस गाठून नकाशे काढून घेतले होते.

“वन्संना काच हवी आहे,” भावजय म्हणाली. “तळ्यावरून वारा कसा येतो ते यांना ठाऊक आहे. घरात बर्फ होईल आपला. पण सांगणार कोण?”

“तू सांगतेसच की,” नणंदबाई म्हणाल्या. मग लाल पेनकडे वळून, “हे बघ, तुला खरं सांगते. माझा भाऊ रोज बाहेरून आला की मला बातम्या द्यायचा. तळ्यावर कुठले पक्षी उतरले, कुठलं झाड पडलं, कोल्ह्याचे ठसे कुठवर आले. आता कोण सांगणार? ही सांगते, पण हिची बातमी एकच. लाकडं ओली की कोरडी.”

“कोरडीच महत्त्वाची असतात,” भावजय पुटपुटली.

“म्हणून म्हटलं, काच लावून घेते. माझं मी बघेन.”

लाल पेनने विचारलं, “पण तुम्ही स्वतः बाहेर जात नाही का?”

नणंदबाईंनी कप बशीत ठेवला. “जाते की. मन झालं की जाते.”

“मन कधी झालं होतं शेवटचं?” भावजयीने विचारलं, अगदी हळू.

आता इथे लाल पेनचं चुकलं. म्हणजे मुद्दाम नाही. पण ती कामाच्या तंद्रीत होती आणि फाईल उघडून बसली होती. भावजयीला ती म्हणाली, “तुमच्या नकाशातली एक गोष्ट मला कळली नाही. गुडघ्यांच्या त्रासासाठी उतार मागितला आहे तुम्ही, पण मघाशी तर पायऱ्यांवरून तुम्ही धावत होतात. आणि झोपायची खोली शेगडीजवळ खाली आणली आहे, त्यात पलंग एकच दाखवला आहे, तो या खुर्चीच्या जागी. मग तुम्ही कुठे झोपणार?”

भावजयीचा चेहरा पडला. “मी आपली वरच,” ती म्हणाली. “मला पोटमाळा आवडतो.”

नणंदबाईंनी हात पुढे केला. “तो कागद दाखव बरं मला.”

“वन्सं, राहू द्या ना—”

“दाखव.”

त्यांनी चष्मा लावून नकाशा वाचला. सावकाश, बोट फिरवत. उतार, कठडा, खाली आणलेला पलंग, न्हाणीघराचं रुंद केलेलं दार, दाराशेजारी भिंतीला धरायला दांडी. मग अर्जातली ती ओळ वाचली.

“कोणाचे गं गुडघे?” त्यांनी विचारलं.

“माझे,” भावजय म्हणाली.

“थापा मारतेस. सरकारी कागदावर थापा मारतेस!”

“मग काय लिहू? तुमचे लिहिले असते तर चाललं असतं तुम्हाला? घर डोक्यावर घेतलं असतंत!” भावजयीचा आवाज कापायला लागला. “उन्हाळाभर तुम्ही त्या पायऱ्या उतरला नाहीत. मी विचारलं की म्हणता, आज मूड नाही. मला दिसत नाही होय? पोटमाळ्यावर चढवत नाही म्हणून रात्री या खुर्चीतच पाय चोळत बसता, मी वरून ऐकते. ते असते तर उचलून नेलं असतं तुम्हाला तळ्यापर्यंत. मला उचलवणार आहे का?”

नणंदबाई म्हणाल्या, “तुला उचलवणार नाही. तू आहेस चिमणीएवढी.” आणि चष्मा काढून पुसायला लागल्या, जरा जास्तच वेळ.

लाल पेनला आपण तिथे नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं. “मी जरा मापं घेते,” असं म्हणून ती टेप घेऊन उठली आणि मुद्दाम मागच्या, चढावाकडच्या भिंतीपाशी गेली. तिकडे कपाट होतं आणि त्याच्या बाजूला कोटांच्या खुंट्या. तिने कोट बाजूला सारले, भिंतीवर हात फिरवला, आणि थांबली.

ओंडक्यांच्या भिंतीत लाकडं लांबच्या लांब असतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. इथे मात्र काही ओंडके मध्येच तुटलेले होते. तुटलेले म्हणजे सफाईने कापलेले, एकाखाली एक, सरळ उभ्या रेषेत. दोन हात पलीकडे तशीच दुसरी रेषा. मधला भाग नंतर आखूड लाकडांनी भरून घेतलेला. ती दार उघडून पायऱ्या उतरली, वळसा घालून घराच्या मागे गेली. तिथे चढावामुळे जमीन जवळजवळ आतल्या फरशीच्याच पातळीला होती. आणि गवताखाली, मातीत अर्धा बुडालेला, झिजून मधोमध खोलगट झालेला लाकडी उंबरा होता.

ती आत आली तेव्हा धापा टाकत होती. “इथे दार होतं?”

“कुठे?” भावजय म्हणाली.

नणंदबाई मात्र खुर्चीत पुढे वाकल्या. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “मागचं दार! होतं की. मी अगदी लहान असताना होतं. आम्ही दोघं तिथूनच पळायचो, आईला चुकवून. मग एका वर्षी बर्फ वितळून चढावावरचं सगळं पाणी घरात शिरलं, खालचा ओंडका कुजला, आणि बाबांनी दार बुजवून टाकलं. मला आठवणही नव्हती बघ.”

“पाणी अडवता येतं,” लाल पेन म्हणाली. “वरच्या बाजूने चर खणायचा, पाणी वळवून तळ्याकडे काढून द्यायचं. मूळ भिंत कापायची नाही असा नियम आहे. पण हे मूळ दारच आहे. मूळ दार पुन्हा उघडायला कोण नाही म्हणेल? तिकडे वारा लागत नाही. आणि पायरी एकही नाही.”

“काच?” नणंदबाईंनी विचारलं.

“दारालाच काच लावू. अर्ध्या उंचीपासून वर. जंगल दिसेल. तळं नाही दिसणार.”

“तळ्यावर काय, जाऊन बघता येईल,” भावजय चटकन म्हणाली.

लाल पेन तिथेच टेबलाशी बसली. इतकी वर्षं तिने लोकांच्या नकाशांवर फुल्या मारल्या होत्या. त्या दुपारी पहिल्यांदाच तिने लाल शाईने एक दार काढलं. एका बाजूला नणंद, एका बाजूला भावजय उभी, आणि दोघी सूचना करत होत्या. दार आत उघडायचं की बाहेर? बाहेर उघडलं तर बर्फाने अडेल. दांडी कोणत्या हाताला? पलंग कुठे? इथे वाद पेटला, कारण नणंदबाई म्हणाल्या की खाली एक नाही, दोन पलंग येतील.

“मला पोटमाळा आवडतो,” भावजय म्हणाली.

“तुला तिथे थंडी वाजते. रात्रभर कुडकुडतेस, मी खालून ऐकते.”

साहेबांनी तो नकाशा बघितला तेव्हा कपाळाला हात लावला. “मॅडम, नकाशा तपासायचा असतो. काढायचा नसतो.”

“रीतसर दुसऱ्याने काढून पाठवलाय. मी फक्त सुचवलं.”

“ही रेघ तुमची आहे. हा रंग मी झोपेतही ओळखेन.” पण त्यांनी सही केली.

काम बर्फ वितळल्यावर सुरू झालं. सुताराने आखूड लाकडं एकेक करून सोडवली, कुजलेला खालचा ओंडका बदलून तिथे नवा घातला, वरच्या बाजूने चर खणला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाल पेन शेवटच्या तपासणीला गेली. या वेळी नवराही टेप धरायला म्हणून बरोबर आला होता. खरं तर त्याला त्या दोघींना बघायचं होतं.

नवं दार उघडंच होतं. लाकूड अजून पिवळं, बाजूच्या राखाडी ओंडक्यांमध्ये उठून दिसणारं. लाल पेनने चौकट मोजली, चर बघितला, काचेवर टिचकी मारली. भावजय दाराच्या काचेबद्दल तक्रार करत होती : दिवसातून दहादा पुसावी लागते, वन्संच्या नाकाचे ठसे उठतात.

“वन्सं आहेत कुठे?” नवऱ्याने विचारलं.

भावजयीने नुसती मान वर केली. चढावावर, झाडांच्या कडेला रचलेल्या लाकडांच्या ढिगाशी नणंदबाई उभ्या होत्या, काठी टेकून. त्यांनी ढिगातलं एक लाकूड उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, काखेत मारलं आणि घराकडे निघाल्या. एकेक पाऊल, मध्येच थांबत, मान ताठ. नवरा मदतीला पुढे होणार तोच भावजयीने त्याची बाही धरली.

“बघू नका तिकडे,” ती हळूच म्हणाली. “कोणी बघतंय असं वाटलं तर रागावतील.”

मग तिघंही पाठ फिरवून, फार महत्त्वाचं काहीतरी असल्यासारखी, चौकटीची खिट्टी न्याहाळत राहिली.

“कोरडं आहे!” मागून आवाज आला, धापेने भरलेला आणि अतिशय खूश.